गाडी दवाखान्यातच जाणार

जीपमध्ये आम्ही सहाजण होतो आणि सातवा तगाराम, म्हणजे आमचा ड्रायव्हर आणि वाटाड्याही. पुढच्या सीटवर विचारेकाका बसणार असं कोणी ठरवलं नव्हतं. ते सरळ जाऊन बसले. मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर बाकीचे. माझ्या बाजूला दादा आणि वहिनी, समोर काकांचा मुलगा अभय आणि त्याची आई. म्हणजे मला अभयकडे बघावंच लागणार आणि अभयला माझ्याकडे, अशी ती मांडणी. ती मात्र ठरवलेली होती.

"तुमच्याकडे पाऊस किती पडतो हो?" काकांनी मागे न वळताच विचारलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"तीन-साडेतीन हजार मिलिमीटर," दादा म्हणाला. दादा हायस्कुलात गणित शिकवायचा. आकडा विचारला की त्याला बरं वाटायचं.

"आणि इथे जेमतेम दीडशे. बघा. तरी माणसं राहतातच ना? सवयीचा प्रश्न असतो सगळा." आणि मग, त्याच सुरात, "हेमालाही ठाण्याची सवय होईल."

ही शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी तेहतीस वर्षांची होते आणि लांज्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून बारा वर्षं काम करत होते. मी नववीत असताना वडील गेले. दादानं मला शिकवलं, नर्सिंगला घातलं, आणि माझं लग्न होत नाही म्हणून तो रात्रंदिवस झुरायचा. विचाऱ्यांचं स्थळ आलं तेव्हा त्याला देव पावल्यासारखं झालं. मुलगा इंजिनियर, सदतीस वर्षांचा, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट. विचाऱ्यांनीच सुचवलं की हल्ली नुसत्या कांद्यापोह्यांवर काही कळत नाही, दोन्ही घरं मिळून यात्रा कंपनीच्या राजस्थान सहलीला जाऊ, मुलं आठवडाभर एकमेकांना बघतील. दादाला ते फार आधुनिक वाटलं.

त्या दिवशी सहलीतले बाकीचे लोक किल्ला आणि बाजार बघायला गेले होते. आमच्यासाठी काकांनी वेगळी जीप ठरवली होती. दिवसभर वाळवंटातून फिरायचं, एक ओस पडलेलं गाव बघायचं, दुपारी एका वस्तीवर जेवायचं आणि संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त पाहून परतायचं.

अभयबद्दल वाईट बोलण्यासारखं तोवर काही नव्हतं. दिसायला चांगला होता, हळू बोलायचा, गाडीतून उतरताना वहिनीला हात द्यायचा. फक्त एक गोष्ट माझ्या नजरेत राहिली. वाळूतून जाताना जीप जोरात आदळली आणि काकूंच्या हातातल्या बाटलीतलं पाणी त्याच्या पँटवर सांडलं. तो हसला. अगदी गोड हसला, आणि म्हणाला, "आई, काय ठरलंय आपलं?"

काकूंनी बाटली खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत धरले आणि पुढचा तासभर ते हात हलवले नाहीत. आमच्याकडे सलाईन लावलेले पेशंट हात असा धरतात. सुई निघेल या भीतीनं.

"ठाण्याला आल्यावर नोकरीची काही गरज पडणार नाही," थोड्या वेळानं अभय मला म्हणाला.

"गरज कोणाला?" मी विचारलं.

दादानं कोपरानं मला ढोसलं. अभय पुन्हा हसला आणि बाहेर बघू लागला.

बाराच्या सुमाराला आम्ही ढाणीवर पोचलो. ढाणी म्हणजे वाळवंटातली लहानशी वस्ती. तिथे पाच गोल झोपड्या होत्या, भोवती काट्यांचं कुंपण, मध्ये पाण्याचं टाकं. तगारामच्या लांबच्या नात्यातली माणसं राहायची. पाहुण्यांना इथे बाजरीची भाकरी आणि ताक मिळेल असं त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं. पण कुठल्याच झोपडीतून धूर येत नव्हता. बायका एका दाराशी गोळा झाल्या होत्या आणि त्यांतली एक छाती पिटत होती.

तगाराम उतरून धावत गेला आणि तसाच परत आला. तो हिंदीत बोलायचा, मध्येच मारवाडी मिसळायचा. मला कळलं तसं सांगते.

"साहेब, आज जेवण नाही मिळायचं. मुलीला साप चावलाय."

"अगं बाई," वहिनी म्हणाली आणि तिनं पाय उचलून बाकावर घेतले.

मी तोवर उतरले होते.

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल. खाटेवर निजवली होती. तिचं नाव धापू. सकाळी नऊच्या सुमाराला गवारीच्या शेंगा तोडताना घोट्याच्या वर चावला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. मांडीला कोणीतरी सुतळी करकचून बांधली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"साप कसा होता?" मी तगारामला विचारायला लावलं.

मुलगीच बोलली. तिनं हातानं वीतभर माप दाखवलं, मग बोट गोल गोल फिरवून वेटोळं दाखवलं. त्यातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येत होता म्हणाली.

"बांडी," तगाराम म्हणाला.

आमच्याकडे त्याला फुरसं म्हणतात. आमच्या कातळाच्या सड्यावर दगड उचलला की फुरसं. गवत कापताना, लाकडं गोळा करताना, आंब्याच्या बागेत. बारा वर्षांत असे पाय मी किती बघितले त्याची गणती नाही. वेळेवर आणलेले बघितले आणि उशिरा आणलेलेही बघितले. उशिरा आणलेल्यांचं रक्त कुठून कुठून येतं ते मला माहीत होतं.

"दवाखाना किती लांब?"

"शहरातला. पावणेदोन तास."

"दुसरी गाडी?"

"संध्याकाळी टेकड्यांवर येतात. तोपर्यंत कोणी नाही, बहेनजी. घरचे पुरुष उंट घेऊन बाजाराला गेलेत. म्हाताऱ्यानं भोप्याला बोलावणं धाडलंय. तो मंत्र घालतो."

मी बाहेर आले. आमची माणसं कुंपणाशी सावली शोधत उभी होती. मी सांगितलं, "हिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. इंजेक्शन मिळालं तर वाचेल. आपण इथे थांबू या, म्हणजे तुम्ही थांबा, मी तिच्याबरोबर जाते. जीप संध्याकाळपर्यंत परत येईल."

काका म्हणाले, "तो कोण मांत्रिक येतोय ना?"

"मंत्रानं रक्त गोठत नाही, काका."

"हे बघ हेमा, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतायत. साप काय यांना नवीन आहेत? यांच्या यांच्या पद्धती असतात. आपण लुडबूड करू नये. आणि वाटेत काही झालं तर? आपल्या गाडीत झालं तर? पोलीस कोणाला विचारतील?"

"आपण काही डॉक्टर नाही," अभय शांतपणे म्हणाला.

"तुम्ही नाही. मीही नाही. पण हा पाय मला कळतो."

"हेमा," दादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आपण मुलीकडचे आहोत. शब्द वाढवू नकोस. मी त्यांना समजावतो, पाच मिनिटं दे."

"पाच मिनिटं तिच्याकडे नाहीयेत."

"मी हात जोडतो तुला."

दादाचे जोडलेले हात मला बघवेनात. पण मी तगारामकडे वळले. तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि आळीपाळीनं माझ्याकडे नि काकांकडे बघत होता. त्याची अडचण मला दिसत होती. गाडी मालकाची. गिऱ्हाईक म्हणेल तिकडेच न्यायची, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

तेवढ्यात काका ताडताड चालत गेले आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"गाडी मी ठरवलीय," ते म्हणाले. "मी उतरणार नाही. तगाराम, चलो. अभय, बस. इंदू, तूही बस. सगळे बसा. पुढच्या ठिकाणी जेवण बघू."

काकू निघाल्या. मान खाली घालून, पदर सावरत, नेहमीसारख्या. मागच्या बाजूनं त्या जीपमध्ये चढल्या. वाटलं, संपलं. आता एकेक जण चढेल.

काकू बाकावर बसल्या नाहीत. दोन बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत खाली फतकल मारून बसल्या, पाठ पुढच्या सीटला टेकवली, मांडीवरची साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "आणा तिला. डोकं माझ्या मांडीवर ठेवा."

"इंदू, काय चाललंय?"

"हेमा, पाय वर ठेवायचा की खाली?"

"सरळ," मी म्हणाले. "हलू द्यायचा नाही."

"मग दोन काठ्या आणि टॉवेल घे. टॉवेल माझ्या पिशवीत आहे."

मी आणि धापूच्या आईनं मिळून खाट उचलली. दुसऱ्या टोकाला वहिनी आली. तिनं दादाकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला आम्ही अलगद आत सरकवलं. पायाला दोन्ही बाजूंनी काठ्या लावून टॉवेलनं बांधलं. मांडीची सुतळी मी हळूहळू सैल केली. धापूची आई एका बाकावर, मी दुसऱ्या. काका अजून पुढे बसूनच होते, हाताची घडी घालून.

मी म्हणाले, "काका, बसायचं तर बसा. गाडी दवाखान्यातच जाणार."

"तगाराम!" काका ओरडले. "तुझ्या मालकाला मी आज सांगितलं ना, तर..."

तगारामनं डोक्याचा फेटा नीट केला, ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि किल्ली फिरवली.

"सांगा साहेब," तो म्हणाला. "संध्याकाळी सांगा."

जीप चार हात पुढे गेली असेल. काकांनी "थांबव, थांबव" म्हणत उडी मारली. मी वळून बघितलं. चौघं उन्हात उभी होती आणि ढाणीतला म्हातारा त्यांना हातानं झोपडीच्या सावलीत बोलावत होता.

त्या पावणेदोन तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तगारामनं वाळूतही गाडी अशी काढली की मुलीला कमीत कमी दणके बसावेत. सकाळी आम्हाला मजा यावी म्हणून तो मुद्दाम उंचवट्यांवरून गाडी उडवत होता, तोच हा माणूस. धापूला दोनदा उलटी झाली. काकूंनी दोन्ही वेळा तिचं तोंड कुशीवर वळवून धरलं. तिच्या हिरड्यांतलं रक्त काकूंच्या पिस्ता रंगाच्या साडीवर उतरत होतं आणि काकू पदराचं कोरडं टोक शोधून शोधून तिचे ओठ पुसत होत्या. सकाळी न हलणारे ते हात आता थांबत नव्हते.

"झोपू द्यायचं का हिला?" त्यांनी विचारलं.

"बोलत ठेवा."

काकूंना मारवाडी येत नव्हती आणि मुलीला मराठी. काकू तिला मराठीतच विचारत राहिल्या. शाळेत जातेस का, शेळ्या किती आहेत, भाऊ किती, बहिणी किती. मुलगी "हूं" म्हणायची. डांबरी रस्ता लागेपर्यंत ते चाललं.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पाय बघितला, काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटांनी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं.

"कोणी बांधला पाय?" त्यानं विचारलं.

"मी."

"सिस्टर आहात?"

"हो. आमच्याकडेही हाच साप आहे."

त्यानं मान हलवली आणि इंजेक्शनं काढायला सांगितली. पहिली बाटली सुरू झाली तशी मी बाहेरच्या व्हरांड्यात आले. काकू तिथे बाकावर बसल्या होत्या. साडीवर रक्त सुकून काळं पडलं होतं. मी नळावर रुमाल ओला करून दिला. त्यांनी नुसता हातात धरला.

"तुला अभय कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

ही विचारायची जागा आहे का, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, "अजून ठरवलं नाही."

"ठरव. नाही म्हण."

"का?" मी विचारलं.

"नयना," त्या म्हणाल्या. "माझी सून. एक्क्याण्णव साली लग्न झालं. त्र्याण्णवला ती माहेरी गेली. तिच्या माहेरच्यांनी कोर्टात केस टाकलीय, अजून चालू आहे. जवळच्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर लांजा, गुहागर अशी लांबची स्थळं बघतात. आम्ही घरही बदललं. तुझा भाऊ चौकशीला आला तेव्हा नव्या बिल्डिंगमधल्यांनी त्याला चांगलंच सांगितलं. त्यांना तरी काय ठाऊक?"

"ती का गेली?"

"तिचा हात मोडला होता. त्याआधी एकदा कानाचा पडदा. तो ओरडत नाही ग. कधीच ओरडत नाही. आवाज ऐकला आहेस ना त्याचा? तसाच बोलतो." त्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली. "डॉक्टरला मी सांगितलं, जिन्यावरून पडली. शेजारणीलाही मीच सांगितलं. तिचे वडील आले, त्यांनाही मीच चहा देऊन सांगितलं."

"तो मारायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली, मुलीला थंडी वाजतेय, पांघरूण धरायला कोणीतरी या. मी धावले. इंजेक्शनानं कधीकधी तसं होतं. डॉक्टरनं त्यावरचं औषध दिलं आणि अर्ध्या तासात ती शांत झाली. हिरड्यांचं रक्त थांबलं होतं. डॉक्टर म्हणाला, अजून दोन-तीन तास उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. आज रात्र ठेवतो, पण आता घाबरायचं कारण नाही. धापूच्या आईनं माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. ती लेकीजवळच थांबली.

निघताना काकू मला म्हणाल्या, "हेमा, माझं नाव सांगू नकोस. मला त्याच घरात परत जायचंय."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

आम्ही ढाणीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. कुंपणाच्या आत चूल पेटली होती. चौघांना ढाणीतल्यांनी जेवू घातलं होतं. घरातली मुलगी मरणाच्या दारात असताना त्या बायकांनी पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापल्या होत्या. तगारामनं म्हाताऱ्याला बातमी सांगितली. म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

काका खाटेवरून उठले. "झालं समाधान?" त्यांनी मला विचारलं. मग दादाकडे वळून म्हणाले, "साळवी, मी स्पष्ट बोलतो. मुलगी कामाची आहे, नाकारत नाही. पण आमच्या घरात मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत. आज झालं ते झालं. तिनं माफी मागावी, आपण विषय संपवू."

दादाचा चेहरा उतरला होता. दिवसभर त्यानं काय काय ऐकलं असेल ते दिसत होतं. तो म्हणाला, "हेमा, मुलगी वाचली, चांगलं झालं. आता काकांना सॉरी म्हण. एक शब्द."

"मी माफी मागणार नाही," मी म्हणाले. "आणि हे लग्नही करणार नाही."

"हेमा!"

"नाही करणार, दादा."

"अगं पण कारण काय? गाडीवरून? एवढ्याशा गोष्टीवरून?"

"मला नाही करायचं. एवढंच."

"तेहतीस वर्षांची आहेस तू!" दादाचा आवाज फुटला. "मी काय तुला जन्मभर पुरणार आहे? मी गेल्यावर कोण आहे तुला? काहीतरी कारण सांग मला. एक कारण सांग, मी इथल्या इथे यांना नमस्कार करतो."

कारण माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. "माझी मर्जी," मी म्हणाले. दादा माझ्याकडे असा बघत होता की अजूनही ते डोळे आठवले की मला चैन पडत नाही.

"डोकं फिरलंय तिचं उन्हानं," अभय त्याच्या मऊ आवाजात म्हणाला. आईजवळ जाऊन त्यानं तिचा दंड धरला. "आणि आई, ही साडी बघ. चल, बस गाडीत. हॉटेलवर बोलू आपण."

"हॉटेलवर काय बोलायचंय?" काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. त्यांनी दंड सोडवून घेतला नाही. तो धरलेलाच होता, आणि तशाच त्या दादाकडे वळल्या.

"मास्तर, ती कारण सांगणार नाही, मी तिला बजावलंय म्हणून. मी सांगते. अभयचं लग्न झालेलं आहे."

भाकरी थापणारी बाई थांबली. तिला शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं असावं.

"इंदू, गप्प बस!"

"नयना नाव आहे तिचं. कोर्टात केस चालू आहे. याने तिचा हात मोडला. माझ्या सुनेचा हात माझ्या मुलानं मोडला, मास्तर, आणि आम्ही तुमची बहीण बघायला आलो."

दादानं काकांना विचारलं, "हे खरं आहे?"

"ते जवळजवळ मिटलेलं आहे," काका म्हणाले. "प्रत्येक घरात काहीतरी असतं."

दादा गणिताचा मास्तर होता. असलं उत्तर तो वर्गात कधी खपवून घेत नसे. तो दोन पावलं पुढे आला, काकूंच्या दंडावरची अभयची बोटं त्यानं एकेक करून सोडवली, आणि म्हणाला, "काकू, तुम्ही हेमाजवळ बसा." एवढंच. परत येताना जीपमध्ये दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

काकू विचाऱ्यांबरोबरच ठाण्याला परत गेल्या. दुसरीकडे जायला त्यांना घर नव्हतं. दादानं त्यांना आमच्याकडे यायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आत्ता नको.

तगारामला मालकानं खरंच काढून टाकलं. दिवाळीनंतर त्याचं पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. धापू चालायला लागली होती. त्याला दुसरीकडे काम मिळालं होतं. पत्ता 'सिस्टर साळवी' एवढाच होता आणि खाली आमच्या रुग्णालयाचं गाव. तरी बरोबर पोचलं.

मार्चमध्ये काकूंचं अंतर्देशीय आलं. चार ओळी. नयनाच्या वकिलांनी त्यांना साक्षीला बोलावलं होतं. 'मी जाणार आहे. घरात सांगितलं आहे. सोबतीला कोणी नाही. तुला रजा मिळेल का?'

मी रजा टाकली. कोर्टाच्या आवारात काकू माझ्याआधीच येऊन थांबल्या होत्या, हातात कपड्यांची पिशवी. "आता परत नाही जायचं तिकडे," त्या म्हणाल्या. पलीकडच्या बाकावर एक बारीक अंगाची मुलगी वडिलांजवळ बसली होती. तिचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. ती काकूंकडे बघत नव्हती. काकूही तिच्याजवळ गेल्या नाहीत.

अभयच्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली तेव्हा तो निर्धास्त होता. त्यानं विचारलं, "बाई, मुलानं सुनेला मारलं असं तुम्ही म्हणता. मारताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही."

वकील हसला. "म्हणजे तुम्ही खोलीत नव्हतात."

"नव्हते. दाराबाहेर होते."

"बाहेर होतात. आणि आत सुनेचा हात मोडतोय असं तुम्हाला वाटत होतं, तर दार ढकलून आत का गेला नाहीत?"

"दाराला बाहेरून कडी होती."

"बाहेरून? मग ती काढायची होती. कोणी लावली होती कडी?"

मी काकूंकडे बघत होते. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. अभय समोरच बसला होता आणि मान हलवून त्यांना नको म्हणत होता. विचारेकाका तर उठून उभेच राहिले.

"मी," काकू म्हणाल्या. "शेजारी आवाज जाऊ नये म्हणून दर वेळी मीच लावायची."

नयनानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

वकील कागद चाळू लागला. न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं आणि टंकलेलं उत्तर मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं ते सपाट आवाजात वाचलं, "दर वेळी मीच लावायची." न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हे बरोबर उतरलंय का? काही बदलायचं आहे?"

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तसंच ठेवा."